पोळ्याच्या दहा दिवस आधी माती भिजवा

दरवर्षी श्रावण निम्मा सरला की आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर एक फाईल फिरायला लागते. बैलाचं रेखाचित्र, ए-फोर साईज, खाली "बैलपोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा" छापलेलं. झेरॉक्स काढा, पोरांना वाटा, रंगवून घ्या, भिंतीला डकवा, फोटो काढा, ग्रुपवर टाका, झाला पोळा. मीपण नोकरीची पहिली तीन-चार वर्षं हेच केलं, खोटं कशाला बोलू, चाळीस मिनिटांत आटपतं आणि वर्ग छान रंगीत दिसतो.

मग एका वर्षी चौथीतल्या एका पोराने तो छापील बैल सगळा काळा केला, आणि एक शिंग खोडरबराने घासत बसला, एवढं घासलं की कागद फाटला. मी म्हटलं अरे हे काय करून ठेवलंस. तर म्हणतो, "बाई, आमच्या सर्ज्याचं डावं शिंग अर्धंच हाय." आता त्या झेरॉक्सवर सर्ज्याला जागाच नव्हती ना. सगळ्यांचे बैल एकाच साच्यातले, गुबगुबीत, हसरे, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं रोज खऱ्या बैलाला पाणी पाजून शाळेत येणारी!

तेव्हापासून झेरॉक्स बंद केली. आता जे करते ते इथे सविस्तर लिहिते, बऱ्याच जणींनी विचारलं होतं म्हणून. माझी शाळा बालाघाटाच्या डोंगरातली, दोनशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट ३४. कलाशिक्षक वगैरे काही नाही, मीच गणित, मीच कला, मीच पोषण आहाराची नोंदवही. त्यामुळे इथे लिहिलंय ते सगळं कमी पैशात आणि एकटीने जमण्यासारखं आहे.

आधी क्रियापदं गोळा करा

"पोळा म्हणजे काय?" असं विचारू नका. विचारलंत की पोरं एका सुरात निबंध म्हणतात, पोळा हा शेतकऱ्यांचा सण आहे, बैल शेतकऱ्याचा मित्र आहे, झालं. त्याऐवजी विचारायचं, पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुमच्या घरी कोण काय करतं? हाताने काय करतं? मग बघा. कोणी सांगतं आजोबा बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात, ती खांदमळणी, आणि बैलाला म्हणतात "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या". कोणी सांगतं चुलता शिंगं साळतो, म्हणजे तासून गुळगुळीत करतो. कोणी म्हणतं आई रात्रीच डाळ भिजवते. एक पोरगी म्हणाली मी कवड्या धुते, मागच्या वर्षीच्या माळेतल्या, त्यांना शेण लागलेलं असतं.

मी फळ्यावर यातली फक्त क्रियापदं लिहिते. चोळणं, साळणं, धुणं, ओवणं, रंगवणं, बांधणं, वाटणं, लाटणं. बाकी काही नाही. दहा मिनिटांत फळा भरतो, आणि गंमत म्हणजे कलेचा तास काय घ्यायचा ते तुम्हाला वेगळं शोधावंच लागत नाही, फळ्यावरच असतं. ओवणं आहे ना, मग मातीचे मणी करून माळ. रंगवणं आहे, मग गेरू. बांधणं आहे, मग सुतळीचे गोंडे. सण कुठलाही असू दे, मी सुरुवात इथूनच करते, कारण सणाची माहिती पुस्तकात असतेच, हाताची कामं मात्र प्रत्येक घरची वेगळी असतात आणि ती फक्त पोरांनाच माहीत असतात.

दुसऱ्या दिवशी घरून एकेक वस्तू आणायला सांगायची. मोडकी चालते, उलट मोडकीच बरी, हरवली तर भांडण नको. तुटलं घुंगरू, कासऱ्याचा तुकडा, जुनी वेसण, झुलीची चिंधी, शिंगाला लावायची पितळी शेंबी. एका बाकावर सगळं मांडायचं आणि प्रत्येकाने एक वस्तू समोर ठेवून बघून काढायची, पंधरा मिनिटं, खोडरबर न वापरता. खोडरबर गोळा करून माझ्या टेबलावर. पहिल्यांदा रडारड होते, "बाई चुकलं", चुकू दे म्हणायचं, चुकलेल्या रेषेच्या शेजारी दुसरी काढ. कासऱ्याचा पीळ काढताना पोरं जीभ बाहेर काढून बसतात ते बघण्यासारखं असतं.

माती

इथे घाई केली की संपलं, म्हणून शीर्षकातच लिहून ठेवलंय. ३० पोरं धरा, प्रत्येकाला अर्धा किलोच्या आसपास ओली माती लागते, म्हणजे पंधरा किलो, वर दोन-तीन किलो जास्तीची, कारण कोणीतरी चेंडू करून भिंतीवर मारणारच. शाडू मिळाली तर छानच, पण ती विकत आणावी लागते आणि तालुक्याला मिळेलच असं नाही. आम्ही तळ्यातला गाळ आणतो. नुसती काळी माती घेऊ नका, ती वाळताना भेगाळते, रान कसं भेगाळतं उन्हाळ्यात तसंच. गावात कुंभार असतील तर सरळ त्यांना विचारा कुठली माती घेता म्हणून, पोरांना घेऊनच जा, तासाभरात जे कळतं ते मी दोन दिवस बोलूनही सांगू शकत नाही.

गाळ आधी वाळवायचा, मग ढेकळं फोडायची, गव्हाच्या चाळणीने चाळायचा (चाळण घरून आणू नका, परत घरात घेत नाहीत), आणि घमेल्यात पाणी ओतून रात्रभर तसाच ठेवायचा. ढवळायचं नाही. सकाळी वरचं पाणी काढून टाकायचं आणि खालचा लगदा गोणपाटावर पसरायचा, गोणपाट पाणी पितं. अर्ध्या दिवसात तो कणकेच्या जवळपास येतो. मग त्यात चाळलेली राख, साधारण पाच किलोला एक ओंजळ, आणि थोडा पिंजलेला कापूस. कापूस आमच्याकडे फुकट आहे, तुमच्याकडे नसेल तर भिजवून कुस्करलेला वर्तमानपत्राचा कागद घाला, कामाला तोच येतो, भेगा धरून ठेवायच्या. मग तिंबायची. चपातीच्या कणकेसारखी नाही, त्याच्या चौपट. पाचवीतली पोरं पायाने तुडवतात, त्यांना हे काम सगळ्यात जास्त आवडतं आणि माझी पाठ वाचते.

माती झाली की नाही कसं ओळखायचं तर बोटाएवढी वळी करायची आणि दुसऱ्या बोटाभोवती गुंडाळायची. वळी तडकली तर अजून तिंबा, पाणी लावून. चिकटून बसली तर फार ओली आहे, तासभर उघडी ठेवा. न तडकता गुंडाळली गेली की झाली.

बैल उभा कसा राहतो

शंभरातली नव्वद पोरं काय करतात, एक गोळा पोटाचा, एक गोळा डोक्याचा, आणि चार काड्या पायाच्या, आणि मग चिकटवतात. बैल बसतो. दुसऱ्या दिवशी पाय वेगळे, धड वेगळं.

पाय चिकटवायचेच नाहीत. हे मला एका कुंभारीण आजींनी दाखवलं, दोन मिनिटांत. एक जाड वळी घ्यायची, पोरांच्या मनगटाएवढी जाड आणि वीतभर लांब. ती मधोमध कमानीसारखी वाकवायची, दोन्ही टोकं खाली. आता टोकाला दोऱ्याने किंवा पट्टीने मधून चीर द्यायची, पुढच्या टोकाचे दोन पाय झाले, मागच्याचे दोन. थोडे फाकवायचे, खाली टेकवून दाबायचे. चार पाय आणि धड एकाच तुकड्यातून, कुठे जोड नाही, मग पडेल कसा? पाय जाडच ठेवायचे, पोरं म्हणतात बाई हा हत्ती झाला, म्हणू दे, वाळल्यावर आकसतो.

मान पुढून ओढून काढायची, चिमटीत धरून हळूहळू वर, जशी गाईची धार काढतो तशी, असं म्हटलं की आमच्याकडच्या पोरांना लगेच कळतं. वशिंड मात्र वेगळं लावावं लागतं. त्यासाठी दोन्हीकडे काडीने रेघोट्या मारायच्या, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. नुसतं पाणी लावून चिकटवलं तर वाळल्यावर टपकन पडतं.

शिंगांचं एक सांगते, मी तीन वर्षं चुकले. तुराटीचे तुकडे ओल्या डोक्यात खोचायचे, दिसायला एकदम झकास, पण माती वाळताना आकसते आणि काडी आकसत नाही, त्यामुळे बैलाचं डोकंच उभं चिरतं. आता ओल्या मातीत नुसतं भोक पाडून ठेवतो, काडीपेक्षा जरा मोठं, आणि सगळं वाळल्यावर डिंकाने शिंग बसवतो.

आणि शिंगं सगळ्यांची सारखी नको! इथे पोरांना बोलतं करायचं. तुझा बैल कुठला? खिल्लार असेल तर अंगाने पांढरा, शिंगं लांब, मागे जाऊन मग वर वळलेली. लाल कंधारी असेल तर सगळा गडद लाल, शिंगं तेवढी लांब नाहीत. देवणी म्हणजे पांढऱ्यावर काळं, काही नुसते तोंडाशी काळे, काहींना अंगभर ठिपके. नाशिक-अकोले (नगरकडचं) भागातल्या मैत्रिणींनी डांगी करून घ्या, वर्ध्याकडे गवळाऊ. एवढं सांगून झाल्यावर वर्गात जो वाद लागतो ना, "आमचा अर्धा खिल्लार अर्धा गावठी हाय", तो थांबवू नका, पिरियड गेला तर जाऊ दे. सर्ज्याचं शिंग अर्धंच राहिलं पाहिजे.

वाळवायचं सावलीत. पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, मग वर्गातल्या कोपऱ्यात कागदावर, रोज बाजू बदलायची. चार-पाच दिवस लागतात, पावसाची झड असेल तर आठवडा, म्हणून दहा दिवस आधी म्हणते. एका वर्षी दुसऱ्या दिवशी साहेबांची भेट होती आणि मला बैल मांडून दाखवायची हौस, मी सगळे उन्हात ठेवले पत्र्यावर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बारीक टिक् टिक् आवाज यायला लागला, आधी कळेना कशाचा. अकरा बैलांचे पाय गेले. पोरं काही बोलली नाहीत, तेच जास्त लागलं.

रंग

पोस्टर कलरचे डबे आणायची गरज नाही. गेरू, खडूची पूड, हळद, काजळी नाहीतर कोळशाची पूड, आणि बाभळीचा डिंक रात्रभर भिजवलेलं पाणी. डिंक नसेल तर रंग हाताला लागतो, सगळी झूल तळव्यावर येते. हळदीची एक जादू आहे ती राखून ठेवा, शेवटी दाखवायची. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना घातला की पिवळ्याचा डोळ्यांदेखत लाल होतो. वर्गात जो ओरडा होतो तो शेजारच्या सरांना ऐकू जातो. फक्त चुना मी स्वतःच घालते, पोरांच्या हातात देत नाही, डोळ्यात गेला तर महागात पडेल.

झूल शिंप्याकडच्या कतरणीची. बाशिंग जुन्या लग्नपत्रिकेचं, त्यावर आधीच सोनेरी असतं, कापून घेतलं की काम झालं. शिंगाला बेगड मिळाली तर बेगड, नाहीतर चॉकलेटची चमकी. अंगावर गेरूचे ठिपके बोटाने.

ज्याच्या घरी बैल नाही

हे आधीच विचारात घ्या, नाहीतर त्या दिवशी वर्गात दोन-चार पोरं गप्प बसतात. माझ्या वर्गात सध्या निम्म्या घरांत बैल नाहीत. काहींनी विकले, चारा परवडत नाही, काहींकडे ट्रॅक्टर आला, काहींकडे मुळात जमीनच नाही. एकाने विचारलं बाई मी ट्रॅक्टर करू का? म्हटलं कर की. त्याच्या घरी पोळ्याला ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालतात, तोच त्यांचा पोळा. त्याने मातीचा ट्रॅक्टर केला आणि पुढे बोनेटवर बाशिंग बांधलं, आमच्या मांडणीत सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापुढेच.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी परत क्रियापदांकडे जायचं. एकीची आई दहा घरच्या पुरणपोळ्या लाटून देते त्या दिवशी. तिने पाटा-वरवंटा केला मातीचा, त्यावर पिवळं पुरण, आणि शेजारी आईचा हात. नुसता हात, मनगटापर्यंत, बांगड्यांसकट. मला ते सुचलं नसतं. बैल नाही म्हणून त्या पोरीचा पोळा नाही असं थोडंच आहे.

पोळ्याच्या दिवशी शाळेला बहुतेक सुट्टी असते, म्हणून मिरवणूक आदल्या दिवशी काढा. शाळेच्या फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि त्याखालून एकेक बैल न्यायचा. पुढे कोण? गावात मानाच्या बैलावरून काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच, ते वर्गात नको, आम्ही पहिलीतलं सगळ्यात लहान पोर पुढे घालतो आणि विषय संपवतो.

पोळा सगळीकडे एकाच दिवशी नसतो बरं का. कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर होतो, पुणे जिल्ह्यात काही भागात भाद्रपदी पोळा, तर आपापलं कॅलेंडर बघून दहा दिवस मोजा. आणि विदर्भातल्या मंडळींची तर चंगळ आहे, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, चाकांचे लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. नागपुरात त्याच दिवशी मारबत आणि बडग्या या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, ईडा पीडा घेऊन जा म्हणत. तिकडच्या एका मैत्रिणीने वर्गात रद्दी आणि कामट्यांचे छोटे बडगे करून घेतले, प्रत्येकाने आपल्याला छळणारी एक गोष्ट निवडायची. डासांचा बडग्या निघाला, लोडशेडिंगचा निघाला, आणि एक पाढ्यांचा. तिने तो पाढ्यांचाही मैदानाला फेरी मारून आणला, जाळला मात्र नाही म्हणे.

दिवाळीचा कंदील दसऱ्याआधी

आमच्या भागात एक अडचण आहे जी शहरातल्या कुठल्याच ॲक्टिव्हिटी पुस्तकात नसते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात, काही दिवाळी करून जातात, काही त्याआधीच. माझ्या पटावरची सात-आठ पोरं आईबापाबरोबर जातात, कोणी आजीकडे राहतं. दिवाळीच्या सुट्टीआधी आकाशकंदील करायचा म्हटलं तर ज्यांना कंदिलाची सगळ्यात जास्त गरज आहे तीच वर्गात नसतात.

म्हणून आम्ही घटस्थापनेच्या आठवड्यातच कंदील करतो. आणि तोही घडी होणारा, कारण तो ट्रकमधून भांड्याकुंड्यांत जायचा असतो. बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक कंदील सुंदर दिसतो पण कामट्या तासताना बोटं कापतात आणि घडी होत नाही, तो मी सहावीच्या पुढच्यांसाठी सोडून देते.

घडीचा असा करायचा. जाड रंगीत कागद आडवा धरून मधोमध लांबीत दुमडायचा. दुमडीच्या बाजूने कात्रीने उभे काप द्यायचे, बोटाबोटाच्या अंतरावर, पण वरच्या उघड्या कडेला दोन बोटं सोडून थांबायचं. नेमकं उलट्या बाजूने कापणारं एक पोर दरवर्षी असतं, त्याच्या हातात सुट्या टोकांची झालर येते, ती त्याला झिरमिळ्या म्हणून लावायला द्यायची, वाया काही जात नाही. मग कागद उघडायचा, गोल करायचा, दोन्ही कडांना भोकं पाडून वर-खाली दोऱ्याने बांधायचा. चिकटवायचा नाही. दोरा सोडला की कंदील परत सपाट, वहीत बसतो. आत दुसऱ्या रंगाच्या पतंगी कागदाची नळी, तीही तशीच. खाली झिरमिळ्या, त्या चिकटवायला मैद्याची खळ चालते, थोडं मोरचूद घालतात टिकायला पण ते विष आहे, शाळेत नको, ताजी खळ करा आणि संपवा.

आणि आत पणती किंवा मेणबत्ती ठेवायची नाही हे तीनतीनदा सांगा. उसाच्या फडावरची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पाचटाची असते, एक ठिणगी पुरे. बॅटरीचा छोटा दिवा नाहीतर नुसताच टांगा, उजेड मागून आला तरी दिसतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत रात्री एका पालकाच्या मोबाईलवरून फोटो आला, अंधारात काहीच दिसत नव्हतं, नुसता जांभळा ठिपका. मग खाली मेसेज, "बाई कंदील लावला".

जो सण आपल्या घरचा नाही

इथे आपण शिक्षक सगळ्यात जास्त घोटाळा करतो. ईद आली की चंद्र आणि तारा, नाताळ आला की कापसाचा म्हातारा, झालं. अरे पण वर्गात ज्याच्या घरी ईद आहे त्याला विचारलंत का त्याच्याकडे काय करतात? परत तेच, क्रियापदं. आमच्या इथल्या दोघी बहिणींनी सांगितलं, सुकामेवा चिरणं, कपड्यांना इस्त्री करणं, मेंदी काढणं. त्यांची आई शाळेत येऊन मेंदीचा कोन करून दाखवायला तयार झाली, प्लॅस्टिकच्या कागदाचा, आणि पोरांनी आधी एकमेकांच्या हाताची कागदावर बाहेरून रेघ मारून त्यात नक्षी काढली. मुलांनीपण काढली, हो, थोडी खिदळाखिदळी झाली, पाच मिनिटांनी सगळे गप्प होऊन काढत होते. कंपासने वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल काढून त्यातून जाळी काढता येते, पाचवीची भूमितीही त्यातच उरकते. एक लक्षात ठेवा, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो, मागच्या वर्षीच्या नियोजनात तारीख बघू नका. आणि मोहरमला शुभेच्छांची ग्रीटिंग करायला लावू नका, ताबूत रंगीत असतात म्हणून तो आनंदाचा सण होत नाही, तो दुखवट्याचा काळ आहे.

१४ एप्रिलचंही तसंच. बाबासाहेबांचा फोटो छापून रंगवायला देण्यापेक्षा, जयंतीच्या रात्री तुमच्या वस्तीत काय काय असतं ते काढा म्हटलं तर एकाने कागद आधी सगळा गडद निळा केला, आणि त्यावर खडूने नुसते दिव्यांचे ठिपके दिले, मग ठिपक्यांच्या मध्ये स्टेज, स्टेजवर माईक धरलेली त्याची ताई. ताई भाषण करणार होती.

वारलीबद्दल थोडं बोलते, कारण कुठल्याही सणाला बॉर्डर काढायची म्हटलं की सगळ्यांना वारलीच आठवते. गोल, दोन त्रिकोण, काडीचे हातपाय, आणि डान्स करणारी रांग. वारलीतला चौक, म्हणजे चौकटीतलं मुख्य चित्र, मुळात लग्नातला आहे, घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात, मध्ये पालघट देवी. लग्नाशिवाय तो चौक काढायचा नसतो. जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर नेली आणि रोजचं जगणं त्यात आणलं. तर वर्गात वारली करायचीच असेल तर पोरांना हे सांगा, चौक सोडून द्या, तारपा वाजवणाऱ्याभोवतीची नाचणाऱ्यांची गुंडाळी काढा, आणि ब्रश म्हणून बांबूची काडी टोकाशी ठेचून घ्या. पालघर-डहाणूकडच्या शाळांना अर्थातच मी काय सांगणार.

बाकी सणांचं झटपट. संक्रांतीला हलव्याचे दागिने खऱ्या हलव्याचे करायला गेलात तर अर्धे पोटात जातात, मोठा साबुदाणा रंगवून दोऱ्यावर डिंकाने चिकटवा. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी अंगण पुरेसं आहे, कागद कशाला. थर्माकोल तर आणूच नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तरी दरवर्षी कोणीतरी मखरासाठी आणतंच.

बैलांचं पुढे काय

पोळा झाल्यावर बैल भाजलेले नसल्यामुळे फार टिकत नाहीत. ज्यांना घरी न्यायचे त्यांनी न्यावेत, बहुतेक घरी पूजेला लागतात. उरलेले, मोडलेले, पाय गेलेले, सगळे आम्ही शिंगं आणि कपडे काढून परत टोपलीत टाकतो आणि पाणी ओततो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पहिलीतली एक रडली, मग मी प्रत्येकाने आपल्या बैलाचं नाव आणि एक वाक्य चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायची पद्धत सुरू केली, त्याच्याच शब्दात, मी शुद्धलेखन तपासत नाही. "सर्ज्या मला ओळकतो." अशी.

त्याच मातीचा दिवाळीत किल्ला होतो. आमच्याकडे ही रीत पुण्या-साताऱ्याइतकी नव्हती, तिकडून बदलून आलेल्या सरांनी आणली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून सगळ्यांना राजगडच करायचा असतो, पण आम्ही एक वर्ष राजगड, एक वर्ष आपला जवळचा धारूर असं ठरवलंय, धारूरची सहल काढता येते आणि तटबंदी हात लावून बघता येते. अळीव पेरायचे तर चार-पाच दिवस आधी, पाणी शिंपडून, ओतून नाही, नाहीतर बुरूज वाहून जातो.

मधल्या दिवसांत माती वाळू द्यायची नाही. टोपलीवर ओलं गोणपाट, त्यावर झाकण, झाकणावर दगड, आणि दर शनिवारी दोन तांबे पाणी. दगड विसरलात तर कोंबड्या उकरतात. यंदा ते काम तिसरीतल्या दोघींकडे दिलंय, आणि परवा माझ्याकडून घाईत दगड ठेवायचा राहिला तर दोघी ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, "बाई, झाकण कुणी उघडं टाकलं?"